बघून ओलांडा

मी शिडीवर होतो. लग्नाचा मांडव होता आणि वरच्या आडव्या बांबूला मी झालर बांधत होतो. खाली इकबालनं शिडी धरली होती. त्याचा फोन वाजला. तो दोनदा "हां, हां" म्हणाला. नंतर म्हणाला, "मालक, खाली या."

"गाठ मारून येतो."

"गाठ राहू द्या."

इकबाल मिसरूड फुटायच्या आधीपासून माझ्याकडे होता. मीच त्याला शिकवलं होतं की माणूस मेला तरी अर्ध्या गाठीवरून उतरायचं नाही, वारा आला की सगळा मांडव खाली बसतो. तोच मला गाठ राहू द्या म्हणत होता. मी खाली बघितलं. त्यानं शिडी सोडली नव्हती, पण मान फिरवली होती.

उतरता उतरताच मी विचारलं, "कोण?"

"वहिनी. चिंचफाट्यावर."

आमचा चिंचफाटा पूर्वी गावाबाहेर होता. गावाला वळसा घालून जड गाड्या जाव्यात म्हणून तिथून बायपास काढला. मग शहर वाढलं, बायपासच्या पलीकडेही चाळी, सोसायट्या, शाळा झाल्या. रस्त्याला मात्र ते कोणी कळवलं नाही. कंटेनर आणि डंपर पूर्वीच्याच वेगानं जात राहिले. आमचं घर अलीकडे होतं. द्वारका पलीकडच्या अंगणवाडीत मदतनीस होती. आमच्या बाजूची पोरं ती रोज सकाळी पलीकडे न्यायची.

त्यासाठी तिनं माझ्या गोदामातला एक दोर उचलला होता. रस्त्यावर कमान चढवताना आम्ही दोन्ही बाजूंना माणसं उभी करतो आणि आडवा दोर धरतो, त्याला लाल फडकं बांधतो. गाड्या थांबतात. माणसाला थांबत नाहीत, पण दोराला थांबतात. तिनं ते बघितलं होतं. तिनं त्या दोराला गाठी मारल्या, एकेका पोरानं एकेक गाठ धरायची. पुढं ही, एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात खिचडीची लांब पळी उंच धरलेली. एकदा एका डंपरवाल्यानं खिडकीतून विचारलं होतं, "मावशी, वाढणार का मारणार?" ती म्हणाली होती, "थांबलास तर वाढीन." तो थांबला. पुढे तो रोज तिथं आला की हॉर्न न वाजवता थांबायचा, असं ती मोठ्या कौतुकानं सांगायची.

त्या दिवशी पोरं पोचवून ती एकटीच परत येत होती. तेल संपलं होतं, ते आणायला. दोर मनगटाला गुंडाळलेला होता. गाडी कोणती होती ते कोणी नीट सांगितलं नाही. थांबली नाही, एवढंच सगळे सांगत होते. मी पोचलो तोवर तिला हलवलं होतं. दोर पोलिसांनी मला नंतर दिला.

ती जिथं पडली तिथून चार पावलांवर एक कोनशिला आहे. काळा दगड, त्यावर सोनेरी अक्षरं. 'चिंचफाटा येथील पादचारी पुलाचे भूमिपूजन.' खाली आमच्या प्रभागाच्या नगरसेवकाचं नाव, नानासाहेब गव्हाळे. तो दगड बसला त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या भूमिपूजनाचा मांडव माझाच होता. नारळ फुटला, कुदळ मारली, ओवाळायला पाच सवाष्णी हव्या होत्या तर नानासाहेबांच्या माणसानं सांगितलं की ताटे, तुमच्या मंडळींना बोलवा. द्वारकानं नवी साडी नेसून त्यांना ओवाळलं. नानासाहेबांच्या आईनं, सगळी वस्ती त्यांना आक्का म्हणते, पाची जणींची ओटी भरली. घरी येताना द्वारका म्हणाली, "बरं झालं बाई, आता पोरांना वरून नेईन. दोर तुम्हाला परत."

दोन वर्षांत तिथं दगडाशिवाय काही आलं नाही.

दहाव्याला घाटावर बरीच माणसं होती. आमच्याकडे दहाव्याला पुढारी येतात. पिंड ठेवलेला असतो, कावळ्याची वाट बघणं चाललेलं असतं, आणि तेवढ्यात माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं होतात. जितकी भाषणं तितका माणूस मोठा. सतरंज्या माझ्याच होत्या, माइकही माझाच. कावळा शिवत नव्हता. माझी मुलगी वैजयंता हात जोडून आईला सांगत होती की मी बाबांना बघेन, तू काळजी करू नकोस. कावळे झाडावर बसून होते.

नानासाहेब आले, पांढरेशुभ्र, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक घेतला. द्वारकाताई आमच्या बहिणीसारख्या होत्या म्हणाले. अंगणवाडीचा आधारस्तंभ म्हणाले. मग म्हणाले, "पण आपल्या माता-भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे. रस्ता जरा बघून ओलांडत चला. ताईंनी त्या दिवशी जरा बघितलं असतं, तर आज ही वेळ आली नसती."

लोकांनी माना हलवल्या. वैजयंतानं माझ्याकडे बघितलं. मी माइककडे बघत होतो. बंद करायचं बटण कुठं आहे ते मला माहीत होतं. माझ्याच हातानं लावलेला माइक. पण मी उठलो नाही. ते माइक खाली ठेवून पुढच्या दहाव्याला निघून गेले.

मग मी पिंडाजवळ गेलो, हात जोडले आणि मनात तिला एक गोष्ट सांगितली. कावळा शिवला. लोक म्हणाले, काय बोललात हो? मी म्हटलं, काही नाही, हिचं-माझं होतं.

नंतर मी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेलो. उपअभियंता कुलथे माझ्या ओळखीचे. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा मांडव मी घातला होता. त्यांनी चहा मागवला, पंख्याचा वेग वाढवला, खुर्ची पुढे सरकवली. मी पुलाचं विचारलं.

"पुलाचा निधी वर्गीकरणात गेला, ताटे."

"म्हणजे कुठं गेला?"

"एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाला वळवतात. नगरसेवकानं पत्र दिलं, स्थायी समितीनं मंजूर केलं. सगळं नियमात आहे."

"दुसरं काम कुठलं?"

कुलथ्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "चौकातलं कारंजं. संगीत कारंजं होतंय ना तिथं. आणि दुभाजकाचं सुशोभीकरण."

मी म्हटलं, साहेब, ते पैसे पायी चालणाऱ्यांसाठी होते.

"अजूनही आहेत. त्याच शीर्षाखाली आहेत." त्यांना ते सांगताना बरं वाटत नव्हतं हे मला दिसत होतं, पण सांगितलं. "कारंज्याभोवती गोल पदपथ धरलाय. बाकडी आहेत. पादचाऱ्यांच्या सोयी आणि सुरक्षा, यातच बसतं ते."

"त्या पदपथावर जायला रस्ता ओलांडायला लागेल ना?"

 मी निघताना कुलथे म्हणाले की पूल केला तरी लोक जिने चढत नाहीत, असं नानासाहेबांचं मत पडलं. बायका तर कंटाळतातच.

पाच-सहा महिन्यांत कारंजं उभं राहिलं. दुभाजकाला सोनेरी टोकांच्या लोखंडी जाळ्या लागल्या, आत मेंदीची झुडपं. पूर्वी माणूस कुठूनही दुभाजकावर चढून पलीकडे उतरायचा. आता जाळीत एकच फट ठेवली होती, आणि तीही कारंज्यापासून जरा लांब. मग एक दिवस नानासाहेबांच्या कार्यालयातल्या दिघ्याचा फोन आला. कारंज्याचं लोकार्पण, मंत्री येणार, मांडव तुमचाच.

मी हो म्हटलं.

इकबाल दिवसभर माझ्याशी बोलला नाही. वैजयंताला कोणीतरी कळवलं. तिचा सासरहून फोन आला. तिनं विचारलं की बाबा, त्यांचा मांडव तुम्ही घालणार? मी म्हटलं, मीच घालणार, दुसऱ्या कोणाला घालू देणार नाही. ती म्हणाली, आईला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. मी म्हटलं, म्हणूनच. तिला ते कळलं नाही आणि मी समजावून सांगितलं नाही. तिनं फोन ठेवला.

जागा बघायला दिघे माझ्याबरोबर आला. कारंजं पलीकडच्या बाजूला होतं आणि त्याच्याशेजारी मोकळी जागा होती. दिघ्यानं तिथंच स्टेज सांगितलं. मी टाच मारून माती उकरून दाखवली. म्हटलं, ताजा भराव आहे, खांब धरणार नाही, मंत्र्यांच्या अंगावर मांडव आला तर? दिघे घाबरला. मग मी अलीकडचा डेअरीचा मोकळा प्लॉट दाखवला. तिथं याच्या दुप्पट खुर्च्या बसतील म्हटलं. खुर्च्यांचं ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले.

"पण मग लोकार्पणाला रस्ता ओलांडून जावं लागेल."

"मंत्र्यांबरोबर पोलीस असतात. गाड्या थांबवतील. मिरवणुकीनं नेऊ, ढोल-ताशा लावू. फोटो चांगले येतील."

"हे बेस्ट," दिघे म्हणाला. मग त्याची नजर प्लॉटच्या कोपऱ्यावर गेली. तिथं ती कोनशिला होती. "ताटे, तेवढा दगड झाकून टाका. पत्रकार येतील."

मी झाकला. पांढरं कापड घेतलं, नीट घडी घालून बांधलं.

भराव खरंच ताजा होता, पण खांब उभे राहिले नसते असं काही नव्हतं.

लोकार्पण सकाळी दहाला होतं. तीस वर्षं मी पुढाऱ्यांसाठी खुर्च्या मांडून त्यांची वाट बघितली आहे. मंत्री बहुधा येत नाहीत आणि नगरसेवक मंत्र्यांची वाट बघून उशिरा येतो. पोलीस मात्र वेळेवर येतात आणि वेळेवर जातात. त्या दिवशीही दोन वाहतूक पोलीस नऊ वाजल्यापासून येऊन झाडाखाली उभे होते. दुपार व्हायला आली तेव्हा मंत्र्यांचा ताफा दुसऱ्याच बाजूनं विमानतळाकडे गेल्याचं कळलं आणि त्या दोघांना तिकडच्या चौकात बोलावून घेतलं. त्यांना मीच पाण्याच्या बाटल्या दिल्या. त्यानंतर अर्ध्या तासानं नानासाहेब आले.

भाषणं झाली. मंत्र्यांनी फोनवरून दोन शब्द सांगितले, तो फोन माइकला धरला. मग ढोल वाजायला लागला आणि मिरवणूक निघाली. पुढं ढोलवाले, मग नानासाहेब, कुलथे, दिघे आणि कार्यकर्ते. मागं ओवाळणाऱ्या बायका आणि आक्का. आक्कांचं वय ऐंशीच्या पुढं, अंगावर नऊवारी, हातात काठी. बटण त्यांच्या हस्ते दाबायचं ठरलं होतं.

मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. माझी सगळी माणसं जवळ होती. इकबालला मी सकाळीच दोर आणायला सांगितलं होतं. त्यानं विचारलं होतं, कमान तर नाही, दोर कशाला? मी म्हटलं, आण.

कार्यकर्त्यांनी रस्त्यात उतरून हात वर केले. एक टेम्पो थांबला, एक मोटार थांबली. मग मागच्या कंटेनरनं जो हॉर्न दिला, तो थांबेचना. कार्यकर्ते मागं सरले. एका जागी थोडी फट मिळाली तशी दिघ्यानं नानासाहेबांचा दंड धरला आणि ते, कुलथे आणि तीन-चार जण पळतच दुभाजकापर्यंत गेले. नानासाहेबांची एक चप्पल रस्त्यात राहिली. कंटेनर तिच्यावरून गेला.

दुभाजकावर ते चढले, पण ती जागा चुकीची. पुढं सोनेरी टोकांची जाळी. फट तिथून लांब. पलीकडच्या रस्त्याला उतार आहे, तिकडून बस आणि डंपर सुसाट येतात. मागं फिरावं तर तिकडची वाहतूक सुटलेली. जाळी आणि रस्ता यांच्यामध्ये हातभर कडा, तेवढ्यात ते सगळे एका रांगेत चिकटून उभे. नानासाहेबांनी एका हातानं जाळी धरलेली, दुसऱ्या हातानं धोतर. डंपर गेला की धोतर उडायचं.

ढोलवाले अलीकडेच राहिले होते. वाजवायचं थांबावं का, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. ते वाजवत राहिले.

खुर्च्यांवरची माणसं उठून रस्त्याच्या कडेला आली. काहींनी मोबाइल काढले. एक रिक्षावाला वेग कमी करून म्हणाला, "काय पुढारी, वाळत घातलंय का?" आणि निघून गेला. लोक हसले. मी हसलो नाही. मी नानासाहेबांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांचं तोंड डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे होत होतं. ते बघत होते. नीट बघत होते. बघून काही उपयोग होत नव्हता.

मग आक्का माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझा हात धरला.

"मला पलीकडं ने रं बाबा. ती पोरं काही मला नेत नाहीत."

मी इकबालला खूण केली. माझी दोन माणसं रस्त्यात उतरली, दोर ताणला, लाल फडकं हवेत हललं. पहिली बस करकचून थांबली. तिच्यामागं सगळं थांबलं. पुढं उताराच्या बाजूला इकबाल आणि माझ्याकडचा भिकू यांनी दुसरा दोर धरला. मी आक्कांना घेऊन फटीच्या दिशेनं तिरका निघालो. बायका मागोमाग आल्या. आक्कांचं पाऊल अगदी हळू पडत होतं.

रस्त्याच्या मधोमध त्या म्हणाल्या, "तू द्वारकाचा मालक ना?"

"हो."

"कुठं गेली ती?"

मी काठीनं दाखवावं तसं बोटानं दाखवलं. "तिथं. त्या झाकलेल्या दगडाशेजारी."

"दगड का झाकलाय?"

"तुमच्या कार्यालयातून सांगितलं."

 आम्ही फटीतून पार होऊन पलीकडच्या फुटपाथवर चढलो. नानासाहेब तोवर जाळी धरून, एक पाय अनवाणी, कडेकडेनं फटीपर्यंत आले होते. त्यांना वाटलं आता सुटलो. एक पाय फटीतून पुढं टाकून त्यांनी हाक मारली.

"ताटे, दोर धरून ठेवायला सांगा. आम्ही येतो."

मी त्यांच्याकडे बघितलं. आमच्यामध्ये एक रस्ता होता.

"नानासाहेब," मी म्हटलं, "जरा बघून ओलांडा."

आणि इकबालला हात खाली केला. त्याला तेव्हा कळलं. त्यानं दोर सोडला, भिकूनं सोडला. उतारावरच्या गाड्या इतका वेळ अडल्या होत्या, त्या सगळ्या एकदम सुटल्या. नानासाहेब उडी मारून मागं झाले आणि मेंदीच्या झुडपात बसले.

दहाव्याला मी द्वारकाला जे सांगितलं होतं ते हेच. जिथं तू रोज उभी राहायचीस, तिथं त्याला उभा करतो. पुढं काय, ते मी ठरवलं नव्हतं. तो मेला असता तर मला वाईट वाटलं असतं, असं मी आज म्हणणार नाही.

मी आक्कांना म्हटलं, चला, मुहूर्त टळतोय, बटण दाबा. कारंज्याचं बटण एका खांबावर फुलं लावून ठेवलं होतं. त्या तिकडे वळल्या नाहीत. दुभाजकाकडे बघत होत्या. त्यांचा मुलगा एकटा पडला होता. कुलथे आणि बाकीचे जाळीला धरून मागंच राहिले होते. नानासाहेब झुडपातून उठले, परत खाली बसले, परत उठले. मग त्यांनी एक पाय रस्त्यात टाकला.

आक्कांनी माझा हात झटकला आणि फुटपाथवरून खाली उतरल्या.

मी दंड धरला. त्यांची काठी रस्त्यात पडली. "सोड," त्या म्हणाल्या, "माझं पोर आहे तिथं." एवढ्या म्हाताऱ्या बाईच्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. एक बस आमच्या इतकी जवळून गेली की त्यांचा पदर तिच्या वाऱ्यानं ओढला गेला. काठीचे दोन तुकडे झाले.

पलीकडून नानासाहेब ओरडले. "आई! आई, थांब! कोणीतरी धरा तिला!"

तो आवाज माइकवरचा नव्हता. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. ते खाली वाकले होते, जणू तिथून हात लांब करून तिला धरणार होते. इतके महिने मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं.

इकबाल दोर हातात घेऊन माझ्याकडे बघत होता. मी लगेच खूण केली नाही. आणखी दोन-तीन गाड्या जाऊ दिल्या. नानासाहेबांना त्या गाड्यांच्या फटीतून आपली आई दिसत होती, नाहीशी होत होती, दिसत होती. मग मी हात वर केला. दोर ताणला गेला. नानासाहेब आले.

ते आल्यावर पहिल्यांदा आईकडे गेले. मग माझ्याकडे वळले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तरी चाललं असतं. पण आक्काच मध्ये बोलल्या. त्यांचा आवाज बारीक होता, पण आजूबाजूला सगळे गप्प होते. ढोलही थांबला होता.

"नाना, याच्या बायकोचं नाव काय होतं?"

नानासाहेबांनी दिघ्याकडे बघितलं. दिघे दुभाजकावरच राहिला होता. 

"ताईंचं…" नानासाहेब म्हणाले आणि थांबले.

"तिनं तुला ओवाळलंय. मी तिची ओटी भरली, त्या समोरच्या दगडापाशी." आक्का बाकड्यावर बसल्या. पादचाऱ्यांच्या सोयीच्या बाकड्यावर. "बटण तूच दाब. मला नको."

नानासाहेबांनी आजूबाजूला बघितलं. पत्रकार होते, मोबाइल होते, मागं हटता येत नव्हतं. शेवटी त्यांनी बटण दाबलं. पाणी उडालं, गाणं लागलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत असं नाही. थोड्या वाजल्या.

मांडव उतरवताना मी कोनशिलेवरचं कापड सोडून घेतलं. इकबाल जवळ आला. म्हणाला, मालक, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, सांगितलं असतं तर तू दोर आणला नसतास. तो म्हणाला, आणला असता, पण त्या रात्री झोपलो नसतो. मग आम्ही दोघांनी बांबू उचलले.

दोन दिवसांनी वैजयंताचा फोन आला. व्हिडिओ तिच्या सासरपर्यंत पोचला होता. नानासाहेब झुडपात बसलेले, मागं ढोल वाजतोय, तेवढाच. ती आधी हसली, मग रडली. विचारलं, "बाबा, आता बरं वाटतं का?"

मी म्हटलं, "थोडं."

खोटं नव्हतं. थोडं वाटलं होतं. रात्री द्वारकाचा दोर उशाशी घेऊन झोपायचो, त्या रात्रीपासून तो खुंटीला टांगला.

त्यानंतर नानासाहेबांच्या पक्षाचा मांडव मला मिळाला नाही, मी मागितलाही नाही. आठवड्याभरात चिंचफाट्यावर पांढरे पट्टे मारले गेले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टायरांनी पुसले. सिग्नलचा खांब आला. त्याला वीज जोडायचं काम दुसऱ्या खात्याकडे आहे असं कळलं. आक्का पुढच्या वर्षी गेल्या, अंथरुणावर, म्हातारपणानं. मी त्यांच्या दहाव्याला गेलो होतो. नानासाहेबांनी मला बघितलं. माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मला वाटलं आता नाव घेतील. त्यांनी हात जोडले आणि पुढं गेले.

निवडणुकीच्या आधी पुलाचं पुन्हा भूमिपूजन झालं. नवा नारळ, नवी कुदळ, दुसऱ्याचा मांडव. निवडणूक ते हरले आणि पुढच्यानंही तो पूल आपल्या यादीत घेतला. कुलथे निवृत्त झाले, ते कधी बाजारात भेटले की माझी नजर चुकवत नाहीत, एवढं चांगलं आहे. अंगणवाडीत नवी मदतनीस आली. पहिल्या दिवशी ती माझ्या घरी आली आणि दोर मागितला. मी दिला. गाठी तशाच होत्या.

ती आता रोज सकाळी पोरं नेते. फाट्यावर दोन कोनशिला आहेत, एकीशेजारी एक. पूल झालेला नाही.